देवी आणि तिचे सांधे : सित्रोएनचा इतिहास आणि तीन वाचने

रोलां बार्थच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकात 'नवी सित्रोएन' नावाचा दोन-अडीच पानांचा लेख आहे. चिन्हमीमांसा शिकवताना तो हमखास हाताशी घेतला जातो. मोटारगाडी म्हणजे आपल्या काळातले गॉथिक कॅथीड्रल, असे त्यातले सुरुवातीचेच विधान वर्गात चांगले परिणामकारक ठरते. वस्तूसुद्धा संहितेसारखी वाचता येते, हे विद्यार्थ्याला त्या लेखातून पटकन उमगते. परंतु ज्या वस्तूचे हे वाचन आहे ती वस्तू कोणी केली, कोणत्या कारखान्यात केली, त्या कारखान्याचा पूर्वेतिहास काय, याविषयी वर्गात सहसा काही बोलले जात नाही. गाडीचे नाव तेवढे लक्षात राहते.

प्रस्तुत लेखात या फ्रेंच कंपनीचा इतिहास थोडक्यात मांडायचा आहे आणि तो मांडताना तीन संहिता समोर ठेवायच्या आहेत. पहिली इल्या एरेनबुर्ग या रशियन लेखकाची १९२९ सालची, दुसरी बार्थची आणि तिसरी रोबेर लिनार या फ्रेंच लेखकाची १९७८ सालची. तिघांचाही विषय सित्रोएन हाच आहे. तिघांना मात्र तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या. असे का झाले, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात नावापासून करू. आंद्रे सित्रोएनचे घराणे मूळचे हॉलंडमधल्या ज्यूंचे. त्याचे पणजोबा लिंबासारख्या फळांचा व्यापार करीत आणि त्यावरूनच त्यांना 'लिंबूवाला' अशा अर्थाचे आडनाव मिळाले होते. पुढच्या पिढीने ते बदलून 'सित्रून' केले. डच भाषेत त्याचाही अर्थ लिंबूच. पण कानाला ते थोडे प्रतिष्ठित वाटे. हिऱ्यांच्या व्यापारात शिरलेले आंद्रेचे वडील पॅरिसला येऊन स्थायिक झाले. तेथे ५ फेब्रुवारी १८७८ रोजी आंद्रेचा जन्म झाला. फ्रेंच शाळेत घातल्यावर आडनावातल्या 'ई'वर दोन टिंबे आली आणि 'सित्रोएन' हा उच्चार रूढ झाला. फेरीवाल्याच्या टोपलीतले फळ काही पिढ्यांत असे ओळखू न येण्याजोगे झाले. गंमत अशी की १९२२ साली कंपनीने काढलेली छोटी पिवळी गाडी लोकांनी 'छोटे लिंबू' याच नावाने ओळखली. पुसलेला अर्थ बाजारातून पुन्हा वर आला.

आंद्रे सहा वर्षांचा असताना, १८८४ मध्ये, व्यापारात खोट आलेल्या वडिलांनी आत्महत्या केली. मुलाचा ओढा यंत्रांकडे होता. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या आणि डोळ्यांसमोर उभा राहणारा आयफेल मनोरा या दोन गोष्टींनी त्याला बालपणी झपाटले होते, असे त्याचे सर्व चरित्रकार नोंदवतात. एकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेत शिकून तो १९०० साली बाहेर पडला. त्याच सुमारास आईच्या माहेरी, पोलंडमध्ये गेला असताना त्याने एक वेगळ्या घडणीचे दंतचक्र पाहिले. त्याचे दाते सरळ नव्हते. इंग्रजी व्ही अक्षरासारखे दुहेरी तिरपे होते. त्यामुळे चाके एकमेकांत गुंतताना आवाज कमी होई आणि जोर अधिक पेलला जाई. आंद्रेने त्याचे हक्क मिळवले आणि पोलादी दंतचक्रे बनवण्याचा कारखाना काढला. आजही या कंपनीच्या गाड्यांवर दिसणाऱ्या दोन उलट्या 'व्ही' म्हणजे त्या दात्यांचीच खूण. कारखान्यातला एक भाग पुढे बोधचिन्ह झाला. चिन्हाचा उगम श्रमाच्या हत्यारात असतो आणि कालांतराने तो विसरला जातो, याचे हे साधे उदाहरण आहे.

पहिल्या महायुद्धाने आंद्रेला कारखानदार म्हणून मोठे केले. १९१४ च्या अखेरीस फ्रेंच तोफखान्याला गोळ्यांची भयंकर टंचाई भासू लागली. स्वतः तोफखान्यात अधिकारी असलेल्या आंद्रेने सरकारपुढे प्रस्ताव ठेवला आणि १९१५ मध्ये पॅरिस शहरातच, सेन नदीकाठी जावेल येथे, काही महिन्यांत प्रचंड कारखाना उभा केला. पुरुष आघाडीवर होते. तेव्हा कामाला हजारो स्त्रिया आल्या. त्यांच्यासाठी उपाहारगृह, दवाखाना, तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर अशा सोयी त्याने केल्या. युद्ध संपेपर्यंत तेथून दोन कोटींहून अधिक तोफगोळे बाहेर पडले. एकच वस्तू, एकाच मापाची, अखंड ओघाने कशी तयार करावी हे जावेलने युद्धात शिकून घेतले होते. शांतता झाल्यावर त्याच इमारतींत, त्याच शिस्तीने १९१९ साली 'टाइप ए' ही गाडी तयार होऊ लागली. हेन्‍री फोर्डच्या पद्धतीने मोठ्या संख्येने तयार झालेली ही युरोपातली पहिली गाडी. तोपर्यंत गाडीचा सांगाडा एकाकडून घ्यायचा आणि वरचा साज दुसऱ्याकडून चढवायचा, अशी रीत होती. विजेचे दिवे, स्टार्टर आणि जादा चाक यांसह पूर्ण सज्ज गाडी माफक किमतीला देणे ही मध्यमवर्गाच्या दृष्टीने नवी गोष्ट होती. १९२९ पर्यंत कंपनीचे वार्षिक उत्पादन एक लाखाच्या वर गेले.

गाड्या मोठ्या संख्येने करायच्या तर इच्छाही मोठ्या संख्येने निर्माण करावी लागते. आंद्रे सित्रोएनला हे इतर कारखानदारांच्या आधी कळले होते. १९२२ मध्ये विमानाच्या धुराने पॅरिसच्या आकाशात कंपनीचे नाव लिहिले गेले. मुलांसाठी गाड्यांच्या हुबेहूब खेळण्या काढल्या गेल्या. ४ जुलै १९२५ रोजी, ज्या मनोऱ्याची उभारणी आंद्रेने लहानपणी पाहिली होती त्यावर, सुमारे अडीच लाख दिव्यांनी 'सित्रोएन' ही अक्षरे झळकली. ती १९३४ पर्यंत तेथे होती. १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडून आलेल्या लिंडबर्गला याच अक्षरांनी वाट दाखवली, असे सांगितले जाते. खरे असो वा नसो, दंतकथा तयार होण्याइतके ते नाव मोठे झाले होते.

जाहिरातीचा आणखी एक प्रकार अधिक गंभीर आहे. रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांतून सित्रोएनने मोहिमा काढल्या. डिसेंबर १९२२ मध्ये निघालेल्या तुकडीने सहारा ओलांडून जानेवारी १९२३ मध्ये टिंबक्टू गाठले. १९२४-२५ ची 'काळी मोहीम' अल्जीरियातून निघून मादागास्करपर्यंत गेली. १९३१-३२ ची 'पिवळी मोहीम' बैरुतहून पेकिंगला पोहोचली. जॉर्ज-मारी हार्ट आणि लुई ओद्वँ-द्युब्रोय हे त्यांचे नेते होते. सोबत चित्रकार अलेक्सांद्र याकोवलेफ होता, चित्रपट काढणारे होते, शास्त्रज्ञ होते. पिवळ्या मोहिमेच्या चीनकडच्या तुकडीत तेयार द शार्दँसारखा विचारवंत होता. काळी आणि पिवळी ही नावे त्या त्या खंडांतल्या माणसांच्या कातडीवरून दिलेली आहेत, आणि पिवळी मोहीम निघाली त्याच वर्षी पॅरिसमध्ये वसाहतींचे भव्य प्रदर्शन भरले होते. हा योगायोग मानण्याचे कारण नाही. या मोहिमेचा एक टप्पा आपल्या उपखंडातून गेला. श्रीनगरहून गिलगिटकडे दोन गाड्या नेण्यात आल्या. जेथे वाट कोसळलेली होती तेथे गाडीचे भाग सुटे करून हमालांच्या पाठीवरून नेले गेले आणि पलीकडे पुन्हा जोडले गेले. छायाचित्रांत कडेलोटाच्या टोकावर उभी असलेली गाडी दिसते आणि ती पाहून यंत्राचे कौतुक वाटते. हिमालय ओलांडला तो यंत्राने, असे जाहिरात सांगते. यंत्र ज्यांच्या पाठीवर होते त्यांची नावे त्या कथेत नाहीत.

एरेनबुर्ग या टप्प्यावर येतो. तो बरीच वर्षे पॅरिसमध्ये राहत होता. १९२९ साली त्याने 'दहा अश्वशक्ती' हे पुस्तक लिहिले. त्याला त्याने आपल्या काळाची बखर म्हटले आहे. आंद्रे सित्रोएन हे त्यातले एक पात्र आहे, फोर्ड आहे, तेलसम्राट डेटरडिंग आहे. पण खरा नायक मोटारगाडीच आहे. प्रकरणांची रचना पाहण्यासारखी आहे. एक प्रकरण जुळणीच्या साखळीवर, एक टायरांवर, एक पेट्रोलवर, एक शेअरबाजारावर, एक रस्त्यांवर. म्हणजे गाडी ज्या ज्या गोष्टींची मिळून बनते त्या सर्वांचा माग लेखक काढतो. टायरांच्या मागे तो रबराच्या मळ्यांपर्यंत जातो आणि तेथल्या मजुरांना पानावर आणतो. आज ज्याला आपण वस्तूचे चरित्र म्हणतो तो प्रकार त्याने फार लवकर हाताळला. त्याच्या लेखनात उपरोध तिखट आहे, पात्रे अनेकदा व्यंगचित्रासारखी होतात, आणि कामगार हा दुःखाचे प्रतीक म्हणून येतो. त्याचे प्रत्यक्ष काम, त्यातले कसब फारसे दिसत नाही. तरीही आयफेल मनोऱ्यावरची अक्षरे झगमगत असतानाच त्यांच्यामागचा सगळा पसारा लेखकाने पाहिला, हे त्याचे श्रेय मोठे आहे.

आंद्रेच्या उत्कर्षाचा शेवट लवकर झाला. मंदीच्या काळात त्याने १९३३ साली जावेलचा कारखाना पाडून काही महिन्यांत नव्याने बांधला आणि एप्रिल १९३४ मध्ये 'त्राक्स्यों आव्हाँ' ही गाडी आणली. पुढच्या चाकांना गती देणारी, वेगळ्या सांगाड्याशिवाय एकसंध पत्र्याच्या कवचाची, हायड्रॉलिक ब्रेकची अशी ही गाडी काळाच्या पुढे होती. आंद्रे लफेव्र हा तिचा अभियंता. तिचा आकार फ्लामिनियो बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराने घडवला. पण ती घाईने बाजारात आणली गेली, सुरुवातीच्या गाड्यांत दोष निघाले आणि कर्ज फिटेना. डिसेंबर १९३४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. सर्वांत मोठी धनको असलेल्या मिशलँ या टायर कंपनीने कारभार हाती घेतला. ३ जुलै १९३५ रोजी आंद्रेचे कर्करोगाने निधन झाले. गाडी मात्र १९५७ पर्यंत तयार होत राहिली.

मिशलँच्या काळातली सर्वांत लक्षणीय निर्मिती म्हणजे 'दोन अश्वशक्ती', अर्थात टू-सीव्ही. पिएर-ज्यूल बुलांजे या प्रमुखाने अभियंत्यांना घातलेल्या अटी प्रसिद्ध आहेत. लाकडी जोडे घातलेले शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे ताशी साठ किलोमीटर वेगाने बाजाराला नेता आले पाहिजेत. नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतले अंडे फुटता कामा नये. येथे गाडीची कल्पना तिचा वापर करणाऱ्याच्या कामावरून केलेली आहे. १९३९ मध्ये सुमारे अडीचशे गाड्या तयार झाल्या, तेवढ्यात युद्ध सुरू झाले. जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून बहुतेक नमुने नष्ट केले गेले, काही लपवले गेले. अखेर ऑक्टोबर १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली. पत्रकारांनी तिची टर उडवली. गिऱ्हाइकांनी मात्र वर्षानुवर्षे रांग लावली. २७ जुलै १९९० रोजी पोर्तुगालमधल्या मांगुआल्द येथे शेवटची टू-सीव्ही बाहेर पडेपर्यंत अडतीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

आणि मग ५ ऑक्टोबर १९५५. पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये भरलेल्या प्रदर्शनात डीएस लोकांपुढे आली. फ्रेंचमध्ये या दोन अक्षरांचा उच्चार 'देएस', म्हणजे देवी. पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० गाड्यांची मागणी नोंदवली गेली. तिची रचना लफेव्रची, आकार बेर्तोनीचा, आणि पोलादी स्प्रिंगांऐवजी वायू व द्रव यांवर गाडी तोलून धरणारी व्यवस्था पोल माजेसची. इंजिन सुरू होताच गाडी हळूच वर उचलली जाई. हेच द्रव सुकाणू, ब्रेक आणि गिअर यांनाही बळ देई. सुरुवातीच्या गाड्यांत ते गळतही असे, आणि गुप्ततेपायी आधी काहीच न कळवलेले गॅरेजवाले हतबुद्ध होत. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पती-क्लामार येथे द गोल यांच्या गाडीवर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी डीएस निसटली. 'द डे ऑफ द जॅकल' या कादंबरीमुळे हा प्रसंग आपल्याकडच्या अनेक वाचकांना ठाऊक आहे.

बार्थने या देवीचे दर्शन घेणारी गर्दी पाहिली. गाडीचे तांत्रिक गुण त्याच्या विषयाबाहेरचे आहेत. लोक तिच्याकडे कसे पाहतात हा त्याचा विषय आहे. कॅथीड्रलप्रमाणेच ही एका युगाची मोठी निर्मिती, अनाम कलावंतांनी आवेगाने कल्पिलेली; तिचा प्रत्यक्ष वापर थोडे करतात, पण प्रतिमा सगळा समाज उपभोगतो. ती आकाशातून पडल्यासारखी वाटते, कारण तिच्यावर घडणीची खूण नाही. ती नवी 'नॉटिलस' आहे, असे तो म्हणतो. ज्यूल व्हर्न वाचून वाढलेल्या मुलाने काढलेल्या कंपनीच्या गाडीला, तो जाऊन वीस वर्षांनी, व्हर्नच्याच पाणबुडीची उपमा मिळाली. पुढे बार्थ गुळगुळीतपणाचे अप्रतिम विवेचन करतो. ख्रिस्ताचे वस्त्र बिनशिवणीचे होते, विज्ञानकथांतली अवकाशयाने अखंड धातूची असतात. सांध्याचा अभाव हे पूर्णत्वाचे लक्षण होय. म्हणूनच लोक काचांच्या कडांवरून, रबरी खोबणींवरून बोटे फिरवतात. झाळून सांधलेल्या वस्तूंच्या जगातून आपण नुसत्या शेजारी ठेवलेल्या, आकाराच्या बळावर एकत्र राहणाऱ्या वस्तूंच्या जगात जात आहोत, असे त्यातून सुचते. शेवटी या स्पर्शानेच देवीचे देवपण उतरते आणि ती मध्यमवर्गीयाच्या उत्कर्षाची खूण होऊन बसते.

हे वाचन तल्लख आहे. पण त्यात एक अडचण आहे. 'अनाम कलावंत' हे विधान तपासून पाहिले तर टिकत नाही. त्या कलावंतांना नावे होती आणि ती वर दिलीच आहेत. याच पुस्तकाच्या अखेरच्या दीर्घ लेखात बार्थ सांगतो की मिथक इतिहासाचे निसर्गात रूपांतर करते. वस्तू घडवली गेल्याची आठवण ते पुसून टाकते. 'नवी सित्रोएन' या लेखात तो ही पुसण्याची क्रिया दाखवतो, पण जे पुसले गेले ते परत आणत नाही. त्याला ते जमत नसे असे नाही. त्याच पुस्तकातल्या मद्य आणि दूध यांवरच्या लेखात फ्रेंच माणसाच्या मद्यप्रेमाचे मिथक उलगडल्यावर तो शेवटी थांबतो आणि आठवण देतो की या मद्याचा एक भाग अल्जीरियात पिकतो, आणि ज्यांच्या जमिनीवर ते पिकते त्या मुसलमान शेतकऱ्यांना भाकरी मिळत नाही. मद्याच्या बाबतीत तो मळ्यापर्यंत गेला. गाडीच्या बाबतीत प्रदर्शनाच्या मंडपाबाहेर पडला नाही. जावेलचा कारखाना तेथून फार दूर नव्हता.

तो प्रवास तेरा वर्षांनी दुसऱ्या एकाने केला. रोबेर लिनार हा एकोल नोर्मालचा विद्यार्थी, अल्तुसेरच्या शिष्यांपैकी एक, माओवादी चळवळीतला पुढारी. १९६८ च्या सप्टेंबरात तो शिक्षण लपवून पॅरिसच्या पोर्त द श्वाझी येथील सित्रोएनच्या कारखान्यात अकुशल कामगार म्हणून दाखल झाला. १९३५ साली सिमोन वेल रेनोमध्ये काम करून आली होती, ती परंपरा त्याच्यामागे होती. दहा वर्षांनी त्याने 'लेताब्ली' हे छोटे पुस्तक लिहिले. या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, कारखान्यात जाऊन राहिलेला बुद्धिजीवी. दुसरा, कारागिराचे कामाचे बाकडे.

पुस्तकाचा आरंभ पहिल्या दिवसापासून होतो. लिनारला मुलूद नावाच्या अल्जीरियन कामगाराशेजारी उभे केले जाते. टू-सीव्हीचे सांगाडे साखळीवरून संथपणे सरकत येतात. मुलूदचे काम एवढेच की दोन पत्रे जेथे मिळतात त्या जागी कथिलाची कांडी आणि झोत वापरून फट बुजवायची आणि ती इतकी गुळगुळीत करायची की तेथे कधी सांधा होता हे कळूच नये. पाहायला सोपे. लिनार करून पाहतो तेव्हा कथिल कुठे उंचवटा धरते, कुठे ओघळते; गाडी पुढे सरकते, दुसरी येते, आणि मुलूद धावत जाऊन त्याने बिघडवलेले दुरुस्त करतो. एकोल नोर्मालच्या पदवीधराला ते काम जमत नाही. त्याची दुसऱ्या कामावर बदली होते.

बार्थची अखंडता आणि मुलूदची कथिलाची कांडी शेजारी ठेवून पाहावी. गाड्या वेगळ्या आहेत, कारखाने वेगळे आहेत, मध्ये तेरा वर्षे गेली आहेत. हा फरक नाकारता येत नाही. तरी कंपनी एकच आहे आणि प्रश्नही एकच. पृष्ठभागावर सांधा दिसत नाही, कारण कोणीतरी दिवसभर उभे राहून तो दिसेनासा केलेला असतो. ज्या अल्जीरियन शेतकऱ्याची आठवण बार्थने मद्याच्या लेखात काढली, त्याच्याच देशबांधवाच्या हातून ही गाडीची कांती तयार होत होती. बिनशिवणीचे वस्त्र शिवणाऱ्याला शिवण ठाऊक असते.

लिनारच्या पुस्तकात याखेरीज बरेच काही आहे. कारखान्यातल्या श्रेणी कागदावर कौशल्याच्या होत्या, प्रत्यक्षात त्या वंशानुसार ठरत. काळे सर्वांत खाली, त्यांच्यावर अरब, मग स्पॅनिश-पोर्तुगीज, आणि फ्रेंच माणूस आपोआप वरच्या श्रेणीत. मे १९६८ च्या संपात दिलेल्या उचलीची वसुली म्हणून १९६९ च्या सुरुवातीला व्यवस्थापनाने रोज पाऊण तास जादा काम लादले, त्यातल्या निम्म्याचा मोबदला द्यायचा नाही असे ठरवून. कामगारांनी संप केला. पहिल्या दिवसांत साखळी थांबली; पुढे दडपशाहीने संप मोडला आणि त्याच उन्हाळ्यात लिनारला काढून टाकले गेले. पण पुस्तकाचा कळस संपाच्या प्रकरणात नाही. दमार्सी नावाचा एक वृद्ध कारागीर ठोकर लागलेली दारे सरळ करण्याचे काम करतो. त्याने स्वतः जमवाजमव करून, वर्षानुवर्षे बदल करून आपले बाकडे बनवले आहे. ते ओबडधोबड आहे, पण प्रत्येक खोबण त्याच्या हाताला माहीत आहे. एके दिवशी तज्ज्ञ येतात आणि त्या जागी कारखान्याने आखलेले नवे बाकडे बसवतात. म्हाताऱ्याचे हात गोंधळतात. साहेबांच्या देखत त्याच्याकडून चुका होतात. काही काळाने जुने बाकडे परत येते, पण तोवर त्याचा स्वतःवरचा विश्वास उडालेला असतो. राजकीय प्रबंध लिहू शकणाऱ्या लेखकाने पुस्तकाचे नाव या बाकड्यावरून ठेवले, यात त्याचा वाङ्मयीन विवेक दिसतो. २०२३ मध्ये या पुस्तकावर फ्रान्समध्ये चित्रपटही निघाला.

बार्थनेच दिलेला एक दृष्टान्त येथे उपयोगी पडतो. झाड तोडणारा लाकूडतोड्या झाडाविषयी बोलत नाही, तो कृतीतून झाडच बोलतो. उत्पादकाची भाषा म्हणून मिथकाची भाषा होऊ शकत नाही, असे तो त्या अखेरच्या लेखात म्हणतो. या कसोटीने पाहता एरेनबुर्ग गाडीच्या भोवतीच्या जगाविषयी बोलतो, बार्थ गाडीविषयीच्या बोलण्याविषयी बोलतो, आणि लिनार गाडी घडवणाऱ्या हातांची भाषा ऐकून लिहितो. अर्थात तोही दहा वर्षांनी, पुस्तकाच्या भाषेत. तो स्वतः मुलूद नव्हे, आणि पुस्तकभर त्याला याची जाणीव आहे. म्हणून एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवण्यात अर्थ नाही. बार्थ नसता तर गुळगुळीतपणा हा अर्थ आहे हे कळले नसते. लिनार नसता तर त्या अर्थाची मजुरी कोणी भरली हे कळले नसते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. माझेराटीची खरेदी, नव्या इंजिनांचे महागडे प्रयोग आणि १९७३ चे तेलसंकट यांनी कंपनी पुन्हा कर्जात बुडाली. १९७४ ते १९७६ या काळात ती पेजोच्या ताब्यात गेली. डीएसचे उत्पादन १९७५ मध्ये, सुमारे साडेचौदा लाख गाड्यांनंतर थांबले. जावेलचा कारखाना बंद होऊन पाडला गेला. त्या जागी १९९२ पासून आंद्रे-सित्रोएन उद्यान आहे. कारखाना शहराबाहेर ओल्ने-सू-ब्वा येथे गेला. तेथे १९८२ च्या वसंतात बहुतांश स्थलांतरित कामगारांनी मोठा संप केला. त्यांच्या मागण्यांत पगाराइतकाच मान महत्त्वाचा होता. अपमानास्पद वागणूक नको आणि आपल्या पसंतीच्या संघटनेत जाण्याचे स्वातंत्र्य हवे, असे त्यांचे म्हणणे होते. मुलूदची पिढी तोवर स्वतःच्या नावाने बोलू लागली होती. ओल्नेतले उत्पादन २०१३ मध्ये थांबले. २०२१ मध्ये पेजो-सित्रोएन समूह स्टेलांटिस या महाकंपनीत विलीन झाला. या घराण्याचा आपल्याकडे संबंध आला तो आधी पेजोमुळे. १९९० च्या दशकात प्रीमियरच्या भागीदारीत तिची गाडी कल्याणला तयार होत असे आणि ते प्रकरण काही वर्षांतच आटोपले. सित्रोएनच्या नावाने गाडी भारतात विकायला आली ती २०२१ मध्ये, आणि पुढच्या वर्षी तामिळनाडूतल्या तिरुवल्लूर येथील कारखान्यातून इथे घडवलेली गाडी बाहेर पडली.

आज वस्तू, जाहिराती, मालिका, मॉल असे सारे काही 'संहिता' म्हणून वाचण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागते आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु चिन्हाचा अर्थ लावण्यात रमलेले वाचन बरेचदा प्रदर्शनाच्या मंडपात थांबते. वस्तूच्या पृष्ठभागावर बोट फिरवून परत येते. बार्थचा लेख वर्गात लावताना लिनारच्या पुस्तकातले पहिले प्रकरण त्याच्या जोडीने वाचून दाखवले, तर विद्यार्थ्याला कदाचित आणखी एक प्रश्न विचारावासा वाटेल, की येथे जो सांधा दिसत नाही, तो कोणी बुजवला? कवितेच्या, कादंबरीच्या वाचनातही हा प्रश्न निरुपयोगी ठरणार नाही.